वाढ का मिळाली, का नाही

देव दत्त हे सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंत्याच्या जागेवर बढती हवी असेल तर मागच्या पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांत दरवर्षी किमान ‘खूप चांगला’ असा शेरा लागे. १९९३-९४ या एका वर्षी त्यांच्या नावापुढे नुसतं ‘चांगला’ लिहिलं गेलं आणि बढती हुकली. हा शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता. शेरा वाईट असेल तरच कळवायचा, ‘चांगला’ हा काही वाईट शेरा नाही, अशी सरकारची बाजू होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २००८ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की ज्या शब्दामुळे माणसाची बढती अडते तो शब्द कानाला कितीही बरा वाटला तरी त्या माणसासाठी प्रतिकूलच असतो. आणि शेरा वाईट असो, मध्यम असो की उत्तम, तो संबंधित कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. त्यामागे न्यायालयाने साधा विचार मांडला. आपल्या कामाबद्दल वरिष्ठांचं मत काय आहे हे कळलं तर माणूस काम सुधारू शकतो, आणि मत चुकीचं असेल तर त्यावर दाद मागू शकतो. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका उचलून धरली. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत सवयीने अजूनही ज्याला ‘सीआर’ म्हणतात, त्यातलं ‘गोपनीय’ हे विशेषण या निकालांनंतर नावापुरतंच उरलं.

माणसांकडून काम कसं करून घ्यावं आणि चांगल्या कामाचं चीज कसं करावं, यावर ढीगभर पुस्तकं आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा रोख बक्षीस किती द्यावं आणि कशाच्या रूपात द्यावं याकडे असतो. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे: बक्षीस का मिळालं किंवा का मिळालं नाही, हे काम करणाऱ्याला दिसतं का? मार्च-एप्रिलमध्ये पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत अप्रेझलची पत्रं येतात, तेव्हा पहिल्या दिवशी चर्चा आकड्याची असते. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या टेबलाच्या आकड्याची होते. ‘त्याला बारा टक्के आणि मला सात, असं त्याने काय जास्त केलं?’ या प्रश्नाला उत्तर असेल तर माणूस चार दिवस खट्टू होऊन पुन्हा कामाला लागतो. उत्तर नसेल तर तो वर्षभर कामावर येतो, पण मनातून नोकरी सोडलेली असते.

याला भक्कम पुरावा आहे, आणि तो ओडिशातला आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी या अर्थशास्त्रज्ञांनी तिथे छोट्या वस्तू तयार करणाऱ्या कामगारांवर महिनाभर एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण ३७८ कामगार, तिघातिघांचे गट, प्रत्येक गटाकडे एकच वस्तू आणि मजुरी रोजंदारीने. काही गटांत तिघांनाही सारखा रोज दिला. बाकीच्या गटांत सुरुवातीच्या दिवसांतलं काम मोजून ज्याचं काम जास्त त्याला थोडा जास्त, ज्याचं कमी त्याला थोडा कमी रोज ठरवला. मग तुलना केली ती सारखाच रोज घेणाऱ्या माणसांची: एक जण असा, ज्याच्या शेजाऱ्यांनाही तेवढाच रोज मिळतो, आणि दुसरा असा, ज्याच्या शेजाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त मिळतो. हातात पडणारे पैसे तेवढेच, पण दुसऱ्याचं काम मंदावलं आणि त्याचे खाडेही वाढले. रोजंदारीवरच्या माणसाने खाडा करणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी आपल्या हाताने सोडणं. ज्याला एकेक रुपया मोजून खर्च करावा लागतो, त्याने शेजाऱ्याच्या जास्त रोजाची सल मनात धरून पूर्ण दिवसावर पाणी सोडावं, यावरून ती सल किती खोल असेल हे समजतं. शेवटी एकमेकांच्या मदतीने करायची कामं दिली, तेव्हा वेगवेगळ्या रोजाचे गट तिथेही मागे पडले.

या प्रयोगाचा खरा धडा मात्र पुढे आहे. गटांकडे दिलेल्या काही वस्तू अशा होत्या, की शेजारच्याने दिवसभरात किती केल्या हे बसल्या जागेवरून दिसायचं. काहींच्या बाबतीत तसा अंदाज येत नसे. वर सांगितलेलं नुकसान झालं ते प्रामुख्याने काम दिसत नव्हतं तिथे. जिथे ‘हा माझ्यापेक्षा जास्त करतो’ हे डोळ्यांना दिसत होतं, तिथे रोजात फरक असूनही ना कामावर काही परिणाम आढळला, ना हजेरीवर, ना आपसातल्या वागण्यावर. म्हणजे माणसाला वेतनातला फरक सोसत नाही असं नाही. कारण न दिसणारा फरक त्याला सोसत नाही.

कामगिरीप्रमाणे पैसे देण्याची जी उदाहरणं यशस्वी म्हणून सांगितली जातात, ती या कसोटीवर बारकाईने पाहण्यासारखी आहेत. गाड्यांच्या फुटलेल्या काचा बदलून देणारी सेफलाइट ही अमेरिकी कंपनी १९९४-९५ च्या सुमारास तासावरच्या पगाराकडून नगावरच्या पगाराकडे वळली. एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञाने तिचे आकडे तपासले तेव्हा दर कामगारामागे काम ४४ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. त्यातली साधारण निम्मी वाढ त्याच कामगारांनी जास्त काम केल्यामुळे होती, बाकीची चांगले कारागीर टिकल्यामुळे आणि नवे येऊन मिळाल्यामुळे. हा ४४ चा आकडा व्यवस्थापनाच्या वर्गांत नेहमी ऐकवला जातो. त्याच्यासोबतच्या दोन गोष्टी तितक्या ऐकवल्या जात नाहीत. एक म्हणजे नग कमी झाले तरी ठरावीक किमान पगाराची हमी होती. दुसरी म्हणजे काच नीट बसली नाही तर ज्याने बसवली त्यानेच ती आपल्या वेळेत पुन्हा बसवायची, असा नियम होता. म्हणजे नुसता वेग मोजला जात नव्हता, चांगलं काम मोजलं जात होतं, आणि ते कोणाच्या हातचं आहे याबद्दल शंकेला जागा नव्हती.

राजस्थानातल्या उदयपूर भागात सेवा मंदिर ही संस्था एकशिक्षकी अनौपचारिक शाळा चालवते. तिथे २००३ मध्ये झालेला प्रयोग याच जातीचा आहे. शिक्षक शाळेवर येत नाहीत ही जुनी तक्रार. काही शाळांतल्या शिक्षकांना तारीख आणि वेळ बदलता न येणारा कॅमेरा दिला. शाळा भरताना आणि सुटताना मुलांसोबत फोटो काढायचा, दोन फोटोंत किमान पाच तासांचं अंतर हवं. पगाराचा हिशेब कोणालाही तोंडपाठ व्हावा असा होता: महिन्याला किमान ५०० रुपये नक्की, आणि दहा दिवसांच्या पुढे हजेरीच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये. एरवी गैरहजेरी ४२ टक्के होती, ती या शाळांत २१ टक्क्यांवर आली, आणि मुलांच्या परीक्षेतल्या गुणांतही फरक पडला. इथे कोणी साहेब येऊन ‘तुमची निष्ठा पाचपैकी तीन’ असं ठरवत नव्हता. महिनाअखेरीला किती पैसे मिळणार हे शिक्षकाला पाकीट हातात पडण्याआधी माहीत असायचं.

म्हणून काम मोजता येत असेल तर मोजा, असं म्हणणं पुरेसं नाही. काय मोजता आणि मोजमाप कोणाच्या नजरेसमोर होतं, यावर सगळं अवलंबून असतं. आपल्या राज्यात कामगिरीवर आधारित वेतनाचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात निष्ठुर उदाहरण ऊसतोडीचं आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो माणसं कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती टनावर फेडायची. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. पैसे फक्त वजनाचे. वरवर पाहिलं तर हे सेफलाइटसारखंच आहे, जितकं काम तितका दाम. पण फडातल्या माणसाला कारखान्याचा काटा दिसत नाही. काटामारीची तक्रार इतकी जुनी आहे की तिला भाषेत स्वतःचा शब्द मिळाला आहे. किमान हमी नावाची गोष्ट नाही, उलट डोक्यावर उचलीचं ओझं आहे. आजारपण, पाऊस, बंद पडलेला कारखाना, सगळ्याचा भार कोयत्यावर. खाडा झाला की मजुरी तर जातेच, वर मुकादमाचा दंड बसतो. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यामागे खासगी दवाखान्यांचा लोभ होता, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं होती, फडावर पाणी आणि आडोसा नसण्याचे हाल होते. पण पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही हेही कारण बायकांनी सांगितलं. जी पद्धत काम मोजते पण काम करणारं शरीर मोजत नाही, ती ‘कामगिरीचा मोबदला’ या नावाला पात्र आहे असं मला वाटत नाही.

आशा सेविकांची कथा याहून सौम्य असली तरी गाभा तोच. २००५ पासून खेड्यापाड्यांतलं आरोग्याचं काम ज्यांच्या पायांवर उभं आहे, त्यांना मोबदला मिळतो तो बराचसा यादीतल्या कामांचा: अमुक बाळंतपण दवाखान्यात नेलं, अमुक बाळाचं लसीकरण पूर्ण केलं. रात्री दार वाजवणाऱ्या बाईला धीर दिला, लस नको म्हणणाऱ्या सासूला चार फेऱ्यांत पटवलं, हे यादीत नाही. अर्थशास्त्रात बेंट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम यांनी १९९१ मध्ये हीच अडचण सिद्धांताच्या रूपात मांडली: एका माणसाकडे अनेक कामं असतील आणि त्यांतल्या मोजता येणाऱ्या कामालाच पैसे असतील, तर न मोजता येणारं काम हळूहळू मागे पडतं. आशांच्या बाबतीत ते फारसं मागे पडलं नाही, हे त्यांच्या माणुसकीचं श्रेय आहे, पद्धतीचं नाही. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक. प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ योजना मारण्याचं लक्ष्य कर्मचाऱ्यांना दिलं होतं, आणि त्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये हे बाहेर आलं तोवर सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढलं गेलं होतं. लक्ष्य पूर्ण झालेलं कागदावर दिसत होतं. काम झालेलं नव्हतं.

आता ऑफिसकडे वळू. तिथे काम असं नगांत, टनांत, फोटोंत पडत नाही. एकाने लिहिलेली संगणक प्रणाली दुसरा तपासतो, तिसरा ग्राहकाचा राग झेलतो. यश कोणाचं हे ठरवायचं कसं? मुंबईच्या डबेवाल्यांनी आपल्यापुरतं उत्तर शोधलं आहे. एक डबा घरापासून ऑफिसपर्यंत कितीतरी हातांतून जातो, एका हाताची चूक पुढच्या सगळ्यांना भोवते, म्हणून गटातल्या माणसांत कमाई जवळपास सारखी वाटली जाते. कोणी जोरात सायकल मारली म्हणून त्याला वेगळं बक्षीस नाही, आणि त्यांचं काम वक्तशीरपणासाठी जगभर वाखाणलं जातं. बड्या कंपन्यांनी मात्र नेमकं उलट केलं. जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी कर्मचाऱ्यांची सक्तीने विभागणी करण्याची पद्धत रूढ केली: वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १०, आणि खालच्यांना बाहेरचा रस्ता. ‘बेल कर्व्ह’ या नावाने ती हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत पोचली. दहाच्या दहा जणांनी जीव ओतून काम केलं असलं तरी एकाला तळाला बसवायचंच, आणि का बसवलं हे सांगण्यासाठी टीम लीडरकडे ‘कुठेतरी बसवावं लागतं’ याशिवाय शब्द नसतात. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही पद्धत सोडली, इन्फोसिसने २०१५ मध्ये सोडण्याचं जाहीर केलं, आणि पुढे खुद्द जनरल इलेक्ट्रिकनेही वार्षिक श्रेणी देणं थांबवलं.

ज्या श्रेणीवर हे सगळं उभं असतं, ती तरी किती खरी? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार हजारांहून अधिक व्यवस्थापकांना त्यांच्या वरिष्ठांनी, सहकाऱ्यांनी आणि हाताखालच्यांनी दिलेल्या गुणांची छाननी झाली. गुणांमध्ये जो फरक होता, त्यातला निम्म्याहून अधिक हा गुण देणाऱ्याच्या स्वभावातून आलेला होता, घेणाऱ्याच्या कामातून नव्हे. कडक साहेब, सढळ साहेब, बोलक्या माणसावर खूश होणारा साहेब, हे सगळं आपल्याला अनुभवाने ठाऊक असतं. पण त्या आकड्याला दशांश चिन्ह लागलं की त्याला शास्त्राची झूल चढते आणि कोणी प्रश्न विचारत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मग काय सगळ्यांना सारखंच द्यायचं? जो राबतो त्याच्या वाट्याला काय? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी मुलांच्या प्रगतीनुसार शिक्षकांना बोनस देऊन पाहिला, तेव्हा दोन वर्षांत त्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत इतर शाळांच्या पुढे गेली. गुणवंताला वेगळं ओळखणं गरजेचंच आहे. पण ज्याच्या कामाचं वेगळेपण गटातल्या इतरांनाही मान्य आहे, अशा माणसाला वेगळं द्यायला कोणाचीच ना नसते. कारखान्यातल्या फिटरना आपल्यातला सगळ्यात चांगला फिटर कोण हे विचारा, उत्तरात फारसा मतभेद होणार नाही. भांडण होतं ते मधल्या माणसांत, तीन आणि साडेतीन गुणांच्या फरकावर, जो फरक साहेबालाही दिसलेला नसतो. तिथे फरक न करणं हाच प्रामाणिकपणा आहे.

दुसरा आक्षेप असा, की बक्षीस पुरेसं मोठं ठेवा, लोक आपोआप धावतील. मदुराईजवळच्या खेड्यांत डॅन एरिअली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. स्मरणशक्तीचे, हाताच्या कौशल्याचे सहा खेळ. काहींना दर खेळामागे जास्तीत जास्त ४ रुपये, काहींना ४०, काहींना ४००. सगळे खेळ जिंकले तर शेवटच्या गटातला माणूस तिथल्या एका माणसाच्या अर्ध्या वर्षाच्या सरासरी खर्चाएवढी रक्कम घेऊन जाणार होता. सगळ्यात वाईट खेळ याच गटाचा झाला. नजर हातातल्या कामावरून रकमेवर गेली की हात थरथरतात. साधं, अंगमेहनतीचं काम असेल तर मोठी रक्कम उपयोगी पडेल; डोकं शांत ठेवून करायच्या कामात ती आड येते.

तिसरा आक्षेप व्यवस्थापकांच्या तोंडून येतो: कारणं उघड केली तर कटकटी वाढतील, आणि सगळ्यांना बरं वाटावं म्हणून आम्ही सगळ्यांनाच चांगले शेरे देऊ. सरकारी अहवालांबाबत ही भीती काही प्रमाणात खरी ठरली आहे, हे मान्य करायला हवं. पण न सांगितल्याने कटकटी थांबत नाहीत, त्या फक्त मोठ्या होऊन येतात. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास त्याला साक्षी आहे. पहिल्या महायुद्धात नफा वाढला तेव्हा १९१७ मध्ये मालकांनी कामगारांना महागाईपोटी जादा रक्कम दिली, पुढे तिला बोनसचं रूप आलं आणि काही वर्षं तो सलग मिळाला. तो कशावर ठरतो हे कामगाराला कोणी सांगितलं नव्हतं. १९२३ सालचा बोनस नाकारला, तेव्हा मालकांच्या लेखी ती थांबलेली कृपा होती आणि कामगारांच्या लेखी बुडवलेली मजुरी. १९२४ च्या सुरुवातीला दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. चौकशी समितीने कायद्याने हक्क नाही असं सांगितलं, पण प्रश्न मिटला नाही. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान ४ टक्के (पुढे ८.३३ टक्के) आणि कमाल २० टक्के अशी चौकट ठरवली, तेव्हा बोनसला हिशेबाचं रूप आलं.

मग चाळीस माणसांच्या वर्कशॉपच्या मालकाने किंवा दहा जणांच्या टीम लीडरने करायचं काय? यावरचं एक शहाणपण १९६५ मध्येच छापून आलं होतं, आणि ते वेल्च प्रमुख होण्याच्या दीड दशक आधीच्या त्याच जनरल इलेक्ट्रिकमधून. हर्बर्ट मायर आणि सहकाऱ्यांनी तिथे पाहिलं, की वर्षातून एकदा बसून कामातल्या चुका आणि पगारवाढ एकाच बैठकीत काढल्या, तर माणूस चुका ऐकतच नाही. तो आपला बचाव करत राहतो, कारण प्रत्येक चुकीमागे त्याला पैसे कमी होताना दिसतात. त्यांनी सुचवलं, दोन बोलणी वेगळी ठेवा. कामाबद्दल काम चालू असताना बोला, वारंवार, थोडं थोडं, पुढे काय करायचं यावर. पैशाबद्दल वेगळ्या दिवशी बोला, आणि त्या दिवशी निर्णय कशावर झाला ते सांगा. याला सॉफ्टवेअर लागत नाही, सल्लागार लागत नाही. लागतं ते महिन्याकाठी एक वहीचं पान, ज्यात कोणी काय केलं ते घडल्याच्या आठवड्यात लिहिलेलं असेल, म्हणजे मार्चमध्ये फक्त फेब्रुवारीच आठवणार नाही. आणि ते पान ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचायला देण्याची तयारी लागते. वाचायला द्यायचं आहे हे माहीत असलं की लिहिणाऱ्याचा हातही जपून चालतो.

देव दत्त यांच्या बाबतीत हे पान उघडायला चौदा वर्षं गेली. न्यायालयाने आदेश दिला, की तो ‘चांगला’ हा शेरा आता दोन महिन्यांत त्यांना कळवा, त्यांना त्यावर म्हणणं मांडू द्या, शेरा वर गेला तर बढतीचा पूर्वलक्षी विचार करा, आणि बढती मिळाली तर वाढीव पेन्शन आणि थकबाकी ८ टक्के व्याजासह द्या.